दोन मीटर वायरीची कैफियत

ॲम्प्लिफायर भिंतीवरच्या बोर्डाला जोडणारी, यंत्राच्या खोक्यातूनच आलेली साधी काळी पॉवर कॉर्ड काढून टाकावी आणि तिच्या जागी मनगटाएवढी जाड, विणलेल्या वेष्टणाची, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची व किमतीने नव्या दुचाकीची बरोबरी करणारी दुसरी कॉर्ड लावावी, म्हणजे गायकाचा षड्ज अधिक स्थिर, तंबोऱ्याची जवारी अधिक स्वच्छ आणि बायाँचा घुमारा अधिक भरीव ऐकू येऊ लागतो, असा एक सिद्धांत अलीकडे हौशी श्रोत्यांच्या मंडळींत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जात असतो. हा सिद्धांत मुंबई-पुण्याच्या धनिक दिवाणखान्यांपुरता राहिला असता, तर त्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु तो आता नागपूरच्या आमच्या नंदनवनातही येऊन पोहोचला आहे, आणि ज्या घरांत कर्जाचा हप्ता भरून उरलेल्या पैशांतून वर्षा-दोन वर्षांनी एखादी बरी वस्तू घेतली जाते, त्या घरांतील काही संगीतप्रेमी चांगल्या स्पीकरचा बेत तहकूब ठेवून कॉर्डसाठी पैसे बाजूला काढू लागले आहेत. म्हणून या दाव्याची सविस्तर तपासणी करणे आवश्यक झाले आहे. आणि तपासणीअंती तो खर्चासह नामंजूर करावा लागतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी ते त्याला अनुकूल होईल अशा रीतीने मांडावे, हा आपल्याकडील वादपद्धतीचा जुना शिरस्ता आहे. तो येथेही पाळू. पॉवर कॉर्डचे कैवारी म्हणतात की, वीजकेंद्रापासून घरापर्यंतची वाट कशीही असो, यंत्राशी प्रत्यक्ष भिडणारे शेवटचे दोन मीटरच काय ते निर्णायक. संगीतात एकाएकी जोर आला की यंत्राला तत्क्षणी मोठा प्रवाह लागतो आणि बारीक कॉर्ड तो पुरवताना गुदमरते. शेजारपाजारच्या यंत्रांनी विजेत मिसळलेला गाळ भारी कॉर्ड अडवून धरते. आणि हे कोणाला पटो न पटो, फरक कानांना ऐकू येतो, तेव्हा कानांपुढे पुस्तकी विद्येची मातब्बरी ती काय? यांपैकी शेवटचे म्हणणे सर्वांत बलवान आहे, म्हणून त्याचा समाचार सवडीने घेऊ. आधीची तीन त्यामानाने लवकर आटोपतील.

नंदनवनातील सॉकेटात येणाऱ्या विजेच्या मार्गाची प्रथम रुजुवात घेऊ. नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जळतो व जनित्रे फिरतात. पण तीच वीज आपल्या वाट्याला येते असे समजण्याचेही कारण नाही, कारण ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जुळले, तेव्हापासून साऱ्या देशाची वीज ५० हर्ट्झच्या एकाच ठेक्यावर चालते, आणि आपल्या घरातील दिव्यात कोणत्या प्रांतातील कोळशाचा वा पाण्याचा किती अंश आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. मनोऱ्यांवरून ती ज्या तारांनी येते त्या तांब्याच्याही नसतात, पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमच्या असतात. पुढे उपकेंद्रांतून दाब उतरत उतरत ११ किलोव्होल्टवर येतो, गल्लीच्या तोंडाशी ज्याला आपण डीपी म्हणतो त्या रोहित्रात तो घरगुती २३० व्होल्टचा होतो, आणि खांबावरून सर्व्हिस वायरने मीटरपाशी पोहोचतो. मीटरच्या पुढचा कारभार वायरमनचा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या एखाद्या घरातील जंक्शन बॉक्सचे झाकण उघडून पाहावे: तांब्याची दोन टोके पक्कडीने पिळून एकमेकांत गुंतवलेली, त्यांवर काळ्या टेपचे दोन-तीन वेढे, टेपचा डिंक अनेक उन्हाळ्यांनी पाघळून पुन्हा कडक झालेला, कोपऱ्यात कोळ्याचे जाळे आणि कडेने भिंतीच्या रंगाचे ओघळ. अशा पाच-सात सांध्यांतून आणि स्क्रू सैल झालेल्या स्विचांतून निभावून आलेली वीज शेवटच्या दोन मीटरांत पावन होते, असे मानणे हा पदार्थविज्ञानाचा नव्हे, तीर्थमाहात्म्याचा विषय आहे.

शिवाय ते दोन मीटर शेवटचे नसतातच. कॉर्ड यंत्राला भिडली की तिच्यातील सारा प्रवाह बहुधा काचेच्या नळीतील एका फ्यूजमधून जातो, आणि त्या फ्यूजमधील तार इतकी बारीक असते की ती शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी नळी उजेडासमोर धरावी लागते. (या अडचणीवरही तोडगा निघाला आहे: काही व्यापाऱ्यांनी आता आवाज सुधारणारे फ्यूज विकायला काढले आहेत.) फ्यूजच्या पुढे ट्रान्सफॉर्मरचे पहिले वेटोळे, म्हणजे इनॅमल चढवलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो फेरे, ज्यांचा एकूण रोध काही ओहम भरतो. आता कॉर्डचा हिशेब करू. तो शाळकरी मुलालाही करता येण्याजोगा आहे. पाऊण चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर साध्या कॉर्डमध्ये जाण्या-येण्याची मिळून चार मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे ०.०९ ओहम असतो. घरगुती ॲम्प्लिफायर बऱ्या आवाजात शंभर-सव्वाशे वॉट, म्हणजे सुमारे अर्धा अँपियर घेत असेल, तर या कॉर्डमध्ये ०.०५ व्होल्टहून कमी दाब खर्ची पडतो. चार चौरस मिलिमीटरची भारी कॉर्ड लावली तर हा खर्च ०.०१ व्होल्टच्या आत येतो. म्हणजे हजारो रुपये मोजून पदरात पडली ती २३० व्होल्टमध्ये ०.०४ व्होल्टची मिळकत. याउलट घरगुती पुरवठ्यात सहा टक्के चढउतार होण्यास १९५६ च्या भारतीय वीज नियमांनीच मुभा दिली होती, म्हणजे २१६ पासून २४४ व्होल्टपर्यंतचा दाब कायदेशीर. आणि मे महिन्याच्या संध्याकाळी गल्लीतील कूलर पाठोपाठ सुरू होऊ लागले की एका तासात व्होल्टेज जेवढे हलते, त्याच्यापुढे ही ०.०४ व्होल्टची रक्कम कोणत्या खात्यावर मांडावी, हे कैवाऱ्यांनीच सांगावे.

ते म्हणतील की सरासरी प्रवाहाचा हिशेब फसवा आहे, कारण यंत्र वीज अखंड घेत नाही, झटक्याझटक्याने घेते. हे खरे आहे, आणि जो हा आक्षेप घेतो त्याने निदान यंत्राचे झाकण उघडून पाहिले आहे, म्हणून त्याचा आदरच केला पाहिजे. रेक्टिफायरच्या मागे असलेले मोठे कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा, प्रत्येक अर्ध्या लहरीच्या शिखरापाशी भरले जातात, आणि त्या क्षणापुरता प्रवाह सरासरीच्या पाच-दहा पट चढतो. पण तसा तो चढला तरी साध्या कॉर्डमध्ये पडणारा दाब अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो. आणि मुख्य गोष्ट ही की, तबल्यावर थाप पडते त्या क्षणी स्पीकरला जो प्रवाह लागतो, तो भिंतीतून धावत येत नाही, तर त्या कपॅसिटरांत आधीच भरून ठेवलेल्या साठ्यातून जातो. ॲम्प्लिफायरची मांडणीही अशी असते की, आवाज फाटण्याची मर्यादा येईपर्यंत पुरवठ्याचा दाब थोडा वर-खाली झाल्याने बाहेर पडणाऱ्या संकेतात फरक पडू नये. डॅक आणि स्ट्रीमर यांसारख्या डिजिटल संगीताच्या नव्या उपकरणांची तर गोष्टच सोडा: त्यांच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेलेच असते, आणि जे यंत्र जपानातील १०० व्होल्टवर व नागपुरातील २३० व्होल्टवर तेच गाणे त्याच रीतीने वाजवते, ते व्होल्टच्या शतांशाने हळवे होते, असे सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या सहनशीलतेचीच परीक्षा मांडलेली असते.

गाळाच्या मुद्द्यात मात्र तथ्यांश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. अशा शहरात वर्षातील तीन-चार महिने घरोघर कूलर चालणार, त्यांचे पंप व पंखे बंद-सुरू होणार, आणि स्विच दाबताच मोटारीच्या वेटोळ्यातून उसळलेल्या ठिणगीचा 'टक्' असा आवाज स्पीकरमधून उमटणार, हे क्रमप्राप्तच आहे. परंतु यावर उपाय कोणता? जाड तांबे गाण्यासाठी लागणारी वीज आणि कचरा घेऊन येणारी वीज यांत पंक्तिभेद करत नाही; उलट तारेतून येणारा कचरा त्यातून अधिकच सुखाने येतो. कूलरच्या स्विचच्या दोन टोकांत कपॅसिटर आणि रोधक यांची छोटीशी जोडी बसवली की ठिणगी जागच्या जागी विझते. सीताबर्डीतील कोणत्याही दुरुस्तीवाल्याचे ते किरकोळ काम आहे. खऱ्या अर्थाने वीज गाळायचीच असेल तर त्यासाठी फिल्टर नावाची निराळी वस्तू मिळते, जिच्या आत गुंडाळ्या व कपॅसिटर असतात आणि जिचे कार्य उपकरणांनी मोजून दाखवता येते. जाळीचे कवच असलेल्या कॉर्डचा एक उपयोग कबूल केला पाहिजे: शेजारून जाणाऱ्या नाजूक संकेताच्या वायरीवर तिची भुणभुण कमी उतरते. पण त्या दोन वायरी एकमेकींपासून हातभर दूर सरकवल्या की तेच काम फुकटात होते.

कॉर्डवर छापलेला दिशादर्शक बाण, द्रवरूप नायट्रोजनात गोठवलेले तांबे, चांदीचा गाभा, यांविषयी दोन वाक्ये पुरेत. घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा जाते आणि ५० वेळा परत येते, तेव्हा बाण कोणाला वाट दाखवतो हे बाण छापणाराच जाणे. आणि चांदीची वाहकता तांब्याहून जेमतेम सहा टक्क्यांनी अधिक असते, किंमत किती पटींनी अधिक असते ते सराफाला विचारावे. कॉर्ड शंभर-दोनशे तास 'मुरल्याशिवाय' आपले गुण दाखवत नाही, हा दावा मात्र व्यापारी चातुर्याचा उत्तम नमुना आहे, कारण तेवढ्या काळात माल परत करण्याची मुदत बहुधा उलटून गेलेली असते.

राहिला मुख्य साक्षीदार, म्हणजे कान. "आम्हांला ऐकू येते" असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलतो, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याला खरोखरच फरक जाणवलेला असतो. प्रश्न एवढाच की तो फरक कॉर्डने केला की आणखी कशाने. नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत पहिला मान दिला, पण ते अव्यभिचारी असले पाहिजे, म्हणजे भ्रमापासून मुक्त असले पाहिजे, अशी अट घालूनच दिला. मृगजळ डोळ्यांना दिसते म्हणून कोणी तेथे घागर घेऊन जात नाही. कॉर्ड बदलण्याच्या क्रियेत काय काय घडते पाहा. यंत्र बंद होते, श्रोता उठतो, कपाटामागे वाकतो, परत येऊन बसतो आणि पूर्वीच्या जागेपासून चार बोटे इकडे-तिकडे बसतो. पाच हजार हर्ट्झच्या ध्वनीची लहरच सुमारे सात सेंटिमीटरांची असल्यामुळे तेवढ्या अंतराने वरच्या सप्तकांतील तपशील सहज बदलतो. तेच गाणे लागोपाठ दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष पूर्वी निसटलेल्या हरकतींकडे जाते. आणि या सर्वांवर, नुकतीच मोजलेली रक्कम मनात ताजी असते. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसू देऊन आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा दिसणाऱ्या स्पीकरांना दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहीत, आणि अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. तेथे निदान स्पीकरांचे आवाज खरोखर भिन्न होते. २००४ साली कॅलिफोर्नियातील हौशी श्रोत्यांच्याच एका मंडळाने साधी कॉर्ड आणि अतिमहाग कॉर्ड यांची आंधळी चाचणी घेतली. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, म्हणजे ४९ टक्के. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी इतकीच बरोबर आली असती.

अशा निकालापुढे कैवारी आपली जबानी फिरवतात, आणि येथेच या प्रकरणातील खरा अन्याय सुरू होतो. प्रथम ते म्हणतात, चाचणीच्या ताणाने कान बधिर होतात. ठीक आहे, ताण नको. आपल्याच घरी, आपल्याच गादीवर, महिनाभर सावकाश ऐका, फक्त रोज कोणती कॉर्ड लावली हे घरातील दुसऱ्या कोणी ठरवून गुप्त ठेवावे. तेव्हा ते म्हणतात, तुमचे यंत्र तेवढे सूक्ष्मदर्शी नाही. आणि यंत्र निर्दोष ठरले तर म्हणतात, तुमचे कान तयार नाहीत. या शेवटच्या वाक्याची इजा आपल्याकडे फार खोल जाते, कारण आपल्या संगीतात तयार कानाला मोठी प्रतिष्ठा आहे. तो गुरूजवळ बसून, वर्षानुवर्षे तंबोरा जुळवून, आपला चढलेला वा उतरलेला स्वर स्वतःच ओळखण्याच्या नामुष्कीतून कमावलेला असतो. ती प्रतिष्ठा फुकट वापरून विक्रेता आपला माल खपवतो, आणि जो मनुष्य पंचमाच्या तारेतला रेसभर उतार बसल्याजागी ओळखतो त्याला दोन कॉर्डमधील फरक ऐकू आला नाही की त्यालाच बहिरा ठरवले जाते. बैठकीत बसलेला नवखा श्रोता हे पाहतो, आणि आपली अब्रू राखण्यासाठी न ऐकू आलेला फरक ऐकू आल्याचे कबूल करतो. इतरांच्या होकारात त्याच्या होकाराची भर पडते, आणि पुढच्या नवख्यापुढे एक साक्षीदार वाढतो. ज्या दाव्यात अनुकूल निकाल आला तर कॉर्डचा गुण आणि प्रतिकूल आला तर श्रोत्याचा दोष, अशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते, तो दावा कोणत्याही न्यायासनापुढे उभा राहण्याच्या लायकीचा नाही.

डॉ. वसंतराव देशपांडे यांनी ज्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले, त्या नागपुरातील त्या काळच्या श्रोत्यांचे कान तयार नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्यांच्यातील अनेकांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐकले ते चावीच्या ग्रामोफोनवर, ज्याला विजेची वायरच नव्हती.

या पंथातील एकाच प्रकारच्या माणसाविषयी आम्हांला आदर वाटतो, आणि तो जपानात आढळतो. तेथे काही शौकिनांनी आपल्या घरासमोर स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब रोवून त्यावर फक्त आपल्याकरिता रोहित्र बसवून घेतल्याचे वृत्त २०१६ साली जगभर गाजले होते. त्यांच्या कानांना काय ऐकू आले ते त्यांचे त्यांना माहीत; पण वीज बिघडते ती वाटेत बिघडते, एवढे तरी त्यांनी ओळखले, आणि आपला पैसा दोन मीटर रेशमी दिमाखावर न घालता वाटेवर घातला.

नंदनवनातील रहिवाशाला खांब रोवण्याची गरज नाही. त्याने अंगणाच्या कोपऱ्यातील सिमेंटचे झाकण उचलून अर्थिंगचा खड्डा पाहावा. आत लोखंडी पाइप, त्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नरसाळे. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि पाइपला तार कसणारा क्लँप गंजून केव्हा निखळला याची घरमालकाला खबरही नसते. मग ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, दोन उपकरणे जोडली की स्पीकरमधून अखंड घरघर सुरू होते, आणि मनुष्य कॉर्डची जाहिरात वाचू लागतो. त्याने वायरमनला बोलावून गंज खरवडावा, नवा क्लँप कसून घ्यावा, नरसाळ्यात दोन बादल्या पाणी ओतावे आणि बोर्डावरील थ्री-पिनचे सॉकेट सैल झाले असेल तर बदलावे. घरघर थांबण्याचा संभव मोठा, आणि ती न थांबली तरी घरातील माणसांचा जीव सुरक्षित झाला, हा लाभ लहान नाही. त्यानंतर खोलीकडे पाहावे. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत बारा फुटांचे अंतर असले की ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज खोलीत घुमू लागतो, आणि एका खुर्चीवर तो दहा डेसिबलने फुगलेला तर दुसऱ्या खुर्चीवर तितकाच खचलेला ऐकू येतो. भारी कॉर्डने दिलेली ती ०.०४ व्होल्टची मिळकत सगळीच्या सगळी आवाजात उतरली असे क्षणभर धरले, तरी ती ०.००२ डेसिबलहूनही कमी भरते. खुर्ची फूटभर मागे-पुढे करणे, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढणे, फरशीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीवर जाड पडदा घालणे, यांनी जो पालट होतो तो ऐकण्यासाठी तयार कानांची गरज लागत नाही, शेजारच्या खोलीतून आजीबाई विचारतात, "नवीन घेतला का रे स्पीकर?"

एवढे सांगूनही ज्यांचे मन त्या भारी कॉर्डकडे ओढ घेत असेल, त्यांना आमची एकच विनंती आहे. पैसे देण्यापूर्वी दुकानदारापुढे दहा फेऱ्यांच्या आंधळ्या चाचणीचा प्रस्ताव ठेवा. नुसत्या अंदाजाने दहांपैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव जेमतेम एक टक्का असतो, तेव्हा नऊ उत्तरे बरोबर आली तर आम्ही आपला प्रतिवाद मागे घेऊ. या चाचणीला लागणारी मोजमापाची साधने कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात असतात, आणि असे महाविद्यालय नंदनवनातच आहे. दुकानदाराने चाचणीस नकार दिला तर त्याला म्हणावे की, या कॉर्डने आवाज सुधारतो हे तुझे तोंडी बयान बिलावर लिहून सहीशिक्क्यानिशी दे. कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २१ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ग्राहकाची फिर्याद जिल्हा आयोगापुढे न्यायची तर हाती कागद लागतो. तो कागद मिळाला तर कॉर्ड खुशाल घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. न मिळाला तर कॉर्ड दुकानातच राहू द्यावी.